आधी डिस्क, मग बोर्ड

गुलाबी बोंडअळीच्या त्या साली आत्याच्या ओसरीवर, टीव्हीच्या मागे, माझा एक कॉम्प्युटर होता. तळहाताएवढा हिरवा बोर्ड आणि त्याला वायरीने जोडलेली, खिशात मावेल अशी हार्ड डिस्क. बोर्डवर लिनक्स चालायचं. कॉलेजच्या प्रोजेक्टनंतर तो माझ्याकडेच राहिला होता.

आत्या आणि तिच्या गटातल्या बाया दर आठवड्याला शेतोशेत फिरायच्या, हिरवी बोंडं तोडून फोडायच्या आणि आत अळी दिसली की फोनवर फोटो काढायच्या. बाहेरून बोंड धडधाकट दिसतं. फोडल्याशिवाय काही कळत नाही. नुकसानीच्या पंचनाम्याचे साहेब येईपर्यंत कपाशीच्या कितीतरी पऱ्हाट्या उपटून झालेल्या असणार, म्हणून फोटो हाच पुरावा. पण फोन भरून जायचे. मग मी ती डिस्क बसवली आणि प्रत्येकीला सांगितलं, "आता फोनमधून काढून टाका. इथे सुरक्षित आहेत."

त्या घरात मी एरवी फारसं बोलत नसे. इंग्रजी शाळेतली माझी मराठी बायांपुढे पुस्तकी वाटायची. एवढं एक वाक्य मात्र मी ठासून बोलले होते, आणि त्यांनी ते ऐकलं होतं.

साहेब ज्या दिवशी चार वाजता येणार होते, त्याच दिवशी सकाळी डिस्क दिसेनाशी झाली. टक्, टक् असा आवाज यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा. स्क्रीनवर यायचं की डिस्कचा संपर्क तुटला. मी तासभर नेटवर उपाय शोधले, आज्ञांमागून आज्ञा लिहिल्या. शेवटी आत्याला सांगावंच लागलं.

"सगळे गेले?" तिने विचारलं.

"माहीत नाही."

ती रागावली नाही. तिने चपला घातल्या. "चाल. नांदुऱ्याले जाऊ, चाचाकडे."

चाचा म्हणजे आमच्या भागातल्या विहिरींच्या जळालेल्या मोटरी नव्या तारेने भरून देणारे म्हातारे कारागीर. दुकानात तांब्याच्या तारेची वेटोळी आणि वार्निशचा वास. माझा बोर्ड त्या काउंटरवर खेळण्यासारखा दिसत होता. मला वाटलं, आत्या घाबरून भलत्याच दारात आली.

"चाचा, आमचं अख्खं साल याच्यात हाय," आत्या म्हणाली.

त्यांनी डिस्क हातात घेतली. "बेटी, याच्यात मोटर हाय का?"

होती. आतली तबकडी मिनिटाला पाच हजारांच्या वर फेरे घेते, हे मी परीक्षेत लिहिलं होतं. पण त्या डिस्कला मी कधी मोटर म्हटलं नव्हतं.

मी सगळं दुकानातल्या छोट्या टीव्हीला जोडलं. चाचांनी डिस्क कानाला लावली, डोळे मिटले. "उठून राह्यली... पडली. पुन्हा उठून राह्यली... पडली." त्यांनी डोळे उघडले. "मेली नाही. उपाशी हाय."

मग त्यांनी वायरीतली लाल तार मध्ये कापून तिथे काट्याचं मीटर लावलं. डिस्क उठायला लागली की काटा एकदम उसळायचा आणि कोसळायचा. डिस्क उठताना किती करंट खाते ते आकडे मी वाचले होते. ती उसळी पाहिली नव्हती. बोर्डाला एवढा घास देणं जमत नव्हतं.

"आतापर्यंत कशी चालली मग?" मी विचारलं.

"मोटर जुनी झाली की उठायले जड जाते. दिवसातून कितीदा उठते हे?"

मला सांगावं लागलं. इन्व्हर्टरची बॅटरी वाचावी म्हणून मीच तशी सेटिंग लिहिली होती, की दहा मिनिटं काम नसलं तर डिस्क झोपेल. त्या सेटिंगचा मला अभिमान होता.

चाचा हसले. "इंग्लिश शाळेत हेच शिकवतेत का? मोटर चालून नाही मरत, बेटी. उठून उठून मरते."

आत्यासुद्धा हसली. सकाळपासून पहिल्यांदा.

दुकानात कोणाच्या तरी फवारणी पंपाची बॅटरी दुरुस्तीला आलेली होती. तिला त्यांनी ट्रॅक्टरमध्ये लावतात तो मोबाइल चार्जर जोडला आणि त्यावरून डिस्कला वेगळा करंट दिला. आणि बोर्डावरचा लाल दिवा लागला. बोर्डाचा चार्जर तर माझ्या हातात होता! डिस्कचा करंट वायरीतून उलटा बोर्डात शिरत होता. चाचांनी बोर्डाकडे जाणारी लाल तार सोडवून टाकली. "लाल ज्याची त्याची. काळी सगळ्यायची एकच." परतीच्या काळ्या तारेला आणि माहिती नेणाऱ्या दोन बारीक तारांना त्यांनी हात लावला नाही.

मी दोन्ही एकदम चालू केली. डिस्क उठली, पण ती उभी राहायच्या आधीच बोर्डाने तिला शोधून झालं होतं आणि शोधणं सोडूनही दिलं होतं. स्क्रीन रिकामी.

"दोघायले संगच काऊन लावतं वं?" आत्या म्हणाली. "आपल्या डीपीवर असं केलं तं?"

गावात एका डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, सात मोटरी आहेत. सगळ्या एकदम उठल्या तर फ्यूज उडतो, म्हणून लाइन आली की कोणी आपली मोटर लगेच दाबत नाही. आत्या शेताच्या धुऱ्यावरून हात वर करते, एकाचं पाणी पडायला लागतं, मग ती दुसऱ्यासाठी हात वर करते. इथलं कारण वेगळं होतं, पण क्रम तोच हवा होता, आणि तो मला माझ्या कुठल्याच पुस्तकाने इतका सोपा करून सांगितला नव्हता.

मी फक्त डिस्क लावली. आत्याने मोठ्याने दहा मोजले आणि हात वर केला. मी बोर्ड लावला.

टक् आलं नाही. बारीक, एकसारखी घरघर आली. मग फोटो. फोडलेली बोंडं, सडका कापूस, आत गुलाबी अळी, आणि प्रत्येक फोटोत बोंड धरलेला कोणाचा तरी अंगठा. आत्या अंगठ्यावरून बाया ओळखत होती.

चाचांनी बॅटरीसकट सगळं आमच्याबरोबर दिलं होतं. चार वाजता ओसरीवर साहेबांनी विचारलं, "ही पंपाची बॅटरी कशाला?"

"त्याचं पोट हाय ते," आत्या म्हणाली.

साहेबांनी सगळे फोटो आपल्या पेन ड्राइव्हवर घेतले. मदतीबद्दल ते काही बोलले नाहीत आणि आम्हीही विचारलं नाही. ते गेल्यावर मी झोपायची ती सेटिंग पुसून टाकली आणि डिस्क बंद करायला बटणाकडे हात नेला.

"राहू दे," आत्या म्हणाली. "आत्ता कुठं उभी राह्यली ते."

मी डिस्कवर तळहात ठेवला. आतलं फिरणं हाताला लागत होतं, कोमट. पुढच्या खेपेला बाया फोन घेऊन आल्या तेव्हा मी कोणी विचारायच्या आधीच बोलले, "फोनमधले काढू नका. दुसरी डिस्क येऊ द्या. माझं चुकलं होतं."

एक बाई दुसरीला म्हणाली, "बोलते की वं हे!"