गाइडबाईचं इंग्रजी

नागझिऱ्यात आमच्या जिप्सीवर एक गाइडबाई होत्या. त्यांचं नाव विचारायचं राहिलं, चुका मात्र मी सगळ्या काढल्या. सोबत माझे परदेशी पाहुणे होते. चितळ ओरडलं की बाई हात वर करून म्हणत, "डिअर शाउटिंग. टायगर निअर. यू क्वायट." पाहुणे श्वास रोखून बसत.

मी जन्मभर इंग्रजी शिकवलेला माणूस. चहाला थांबलो तेव्हा राहवलं नाही. बिकॉज, व्हेन लावून दोन वाक्यं कशी जोडायची, मध्ये स्वल्पविराम कुठे द्यायचा, तिथे किंचित कसं थांबायचं, सगळं समजावलं. बाईंनी ते पेनानं तळहातावर लिहून घेतलं.

पुढे वानरं ओरडली. बाई तळहाताकडे पाहत म्हणाल्या, "व्हेन मंकी शाउट," आणि थांबल्या. ओठ नुसते हलत राहिले. तेवढ्यात अस्वल रस्ता ओलांडून गेलं. पाहुण्यांना फक्त हलणारं झुडूप दिसलं.

"सर, मी वाक्य जोडूनच राहिली होती, तं अस्वल चाललं गेलं," त्या मला हळूच म्हणाल्या.

त्यानंतर त्यांनी नुसतं बोट दाखवलं. उतरताना पाहुण्यांनी मला विचारलं, त्या एकदम गप्प का झाल्या?

"दमल्या असतील," मी म्हणालो.