आईच्या हेडफोनमधला तुटका आवाज

आईला कमी ऐकू येतं. भावानं पुण्याहून ब्लूटूथचा हेडफोन पाठवला, तेव्हापासून रोज संध्याकाळी बुद्धवंदना झाली की ती त्याच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलायची. मेडशी गावातल्या आमच्या घरात वाय-फायचा राउटर बुद्धमूर्तीच्या फळीवर होता. किमती वस्तू, म्हणून आईनं त्याला घरातली सगळ्यात चांगली जागा दिलेली. फोनही तिथंच टेकवायचा.

दिवाळीआधी महिनाभर आवाज तुटत होता.

"हा असा तुकडे तुकडे काहून बोलते वं?"

"नेट खराब हाय," मी पोळ्या लाटता लाटता सांगायची. मालेगावहून माणूस येऊन वायर बदलून गेला. फरक नाही.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी स्वतः बसले. हेडफोन बंद करून फोनच्या स्पीकरवर लावलं, आवाज स्वच्छ. वाय-फाय बंद करून मोबाईलच्या नेटवर हेडफोन लावला, तरी स्वच्छ. दोन्ही सोबत आले की तुटायचा. दोघांच्या लहरी एकाच पट्ट्यातल्या, एकमेकींवर चढत होत्या. राउटर दुसऱ्या खोलीत नेला, फोन त्याच्या पाच गिगाहर्ट्झच्या, वेगळ्या पट्ट्यातल्या नेटवर्कला जोडला. दहा मिनिटांचं काम.

"आता कसा बाजूले बसून बोलल्यावानी वाटते," आई म्हणाली.

पुढं तीन आठवडे भाऊ हवापाणी, सोयाबीन, एवढंच बोलला. मग गेला. पोटात गाठ होती. आम्हाला दोघींनाही माहीत नव्हतं, असं मी धरून चालले.

पुण्यात भावजय मला एकटीला म्हणाली, "ताई, त्यांनी आईंना सांगितलं होतं. दिवाळीच्या आधीच, कॉलवर. पुन्हा हा विषय काढू नको, ताईलाही सांगू नको, असंही म्हणाले. आई शांतपणे 'बरं बापू, बरं' म्हणाल्या. त्या दिवसापासून ते कशालाच घाबरले नाहीत."

ऐकू आलं नाही की आई हेच म्हणते.

"हो, आई खंबीर आहे," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? ती दहा मिनिटं मी महिनाभर आधी काढायला हवी होती.

आता आई रोज विचारते, "बायकोले सांगतलं, सासऱ्याले सांगतलं. मलेच काहून नाही सांगतलं त्यानं?"

खरं सांगितलं तर, न ऐकताच आपण कोणत्या गोष्टीला 'बरं' म्हणालो, ते तिला कळेल. म्हणून मी सांगते, "तुले तरास नको म्हून."

"मी मेली होती काय?" ती म्हणते, आणि दिवसभर त्याचं नाव घेत नाही.