पवनारला बस थांबू लागली

नागपूरहून वर्ध्याकडे येणारा रस्ता चौपदरी झाला, तेव्हा आमच्या पवनारात सगळे खुशीत होते. गर्दी वाढणार आणि आमच्या खानावळी चालणार असं वाटलं होतं. झालं उलटंच. गावाच्या बरंच अलीकडे काचेचा भलामोठा फूड प्लाझा उभा राहिला आणि सहलीच्या बसेस तिथंच जेवून येऊ लागल्या. लोक आश्रम बघायचे, धाम नदीजवळ फोटो काढायचे आणि परत बसमध्ये जाऊन बसायचे. आमच्या दुकानांकडे मान वळवून बघायचेसुद्धा नाहीत.

माझी खानावळ आणि माझ्या मोठ्या दिरांचं, म्हणजे भाऊजींचं, चहाचं हॉटेल लागूनच आहे. वाटण्या झाल्यापासून दोन्ही घरांत कामापुरतंच बोलणं होतं. गिऱ्हाईक दिसलं की तिकडून ते हाक मारायचे, इकडून माझे यजमान. रसवंतीवाला आणि खेळणीवालाही त्यात आवाज मिसळायचे. या ओढाताणीत पाहुणा बिचकायचा आणि पावलं उचलून बसकडे जायचा.

एका दुपारी साताऱ्याकडच्या बायकांची बस आली. ऊन कडक होतं. एक म्हाताऱ्या बाई माझ्या दारातल्या सावलीत टेकल्या. मी चहा पुढं केला, तर त्यांनी हात जोडले. पैसे नकोत म्हटलं तरी घेईनात. शेवटी हळूच म्हणाल्या, "चहा प्याले तर मग जाऊ कुठं, बाई? सकाळपासून पाणीसुद्धा घोटघोटच पितेय."

इतकी वर्षं आम्ही भाजीत तिखट कमी करून पाहिलं, पाट्या रंगवल्या, प्लाझाच्या काचांना नावं ठेवली. बसमधल्या अर्ध्या माणसांना काय हवंय हे मात्र कुणी विचारलंच नव्हतं. त्या बाईंना मी घरात नेलं. परत आल्यावर त्यांनी चहा घेतला, आणि त्यांच्या मागोमाग सगळी बस माझ्या ओट्यावर बसली.

संध्याकाळी मी भाऊजींकडे गेले. त्यांच्या हॉटेलामागे रस्त्याला लागून मोकळा तुकडा होता. तिथं बायांसाठी चांगलं शौचालय बांधू, असं सांगितलं. ते हसले. म्हणाले, "संडासासाठी लोकं येतेत का कुठं?"

"येत नाईत, भाऊजी. पन नसलं तं थांबत नाईत."

त्यांनी मान फिरवून गल्ला मोजायला घेतला. मी उठून आले. वाटलं, झालं, विषय संपला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर जाऊबाई त्या तुकड्यावरची काटेरी झुडपं तोडत होत्या आणि भाऊजी दोरी धरून मापं घेत होते. रात्री जाऊबाईंनीच त्यांना गप्प केलं होतं, हे मला मागाहून कळलं.

बांधकाम सोपं होतं. ते स्वच्छ ठेवणं अवघड होतं. सुरुवातीलाच मोटर बिघडली आणि जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवू लागला. तेव्हा बैठक घेऊन आम्ही चारही दुकानांतल्या बायांनी दिवस वाटून घेतले आणि देखरेख आमच्याकडे घेतली. त्याच बैठकीत मी आणखी एक गोष्ट मंजूर करून घेतली: आजपासून कुणीही पाहुण्याला हाक मारायची नाही. चहा आणि तर्रीपोहे भाऊजींकडे, भाकर, भरीत, पाटोडीचं जेवण माझ्याकडे. रसवंतीवाल्याने रस विकावा, कपबशी मांडू नये. माझे यजमानच आधी कुरकुरले. पण ओरडणं बंद झालं तशी लोकं निवांत फिरू लागली, आणि निवांत झालेल्या माणसाला भूक लागतेच.

हिवाळ्यात नागपूरची सहली काढणारी एक बाई एकटीच गाडी घेऊन आली. जेवणाचं विचारलं नाही, दर विचारले नाहीत. सरळ मागे गेली. बाहेर आली तेव्हा चेहरा खुलला होता. "हे सांभाळतं कोण?" तिनं विचारलं. आम्ही चौघीजणी पुढं झालो. प्लाझावाले तिच्या मंडळींना सवलत देत होते, तरी पुढच्या आठवड्यात तिची बस आमच्याकडे आली. मग दुसरी आली. मग शाळांच्या आल्या.

एका रविवारी तर पंगतीवर पंगत उठत होती. चुलीवरच्या भाकऱ्यांतून मला उसंत नव्हती. तेवढ्यात शेजारून भाऊजींचा आवाज ऐकू आला. ते कुणाला तरी सांगत होते, "जेवाचं असन तं बाजूले जा. आमच्याच घरचं हाय." माझा हात तव्यावरच थांबला. जाऊबाईंनी येऊन माझ्यापुढची परात ओढून घेतली आणि भाकरी थापायला बसल्या.

यंदा, नागपूरहून येताना आमच्या आधी लागणाऱ्या केळझरच्या गणपती मंदिराजवळचे काही दुकानदार आमची व्यवस्था बघायला आले. मी त्यांना सगळं दाखवलं: पाण्याची टाकी, दिवसांची वाटणी, काय जमलं आणि कुठं फसलो. ते गेल्यावर भाऊजी जरा नाराज दिसले.

"सारं काऊन सांगतलं त्यायले? उद्या तेच आपली गिऱ्हाईकी नेतीन."

"केळझरले सकाळी आराम भेटला तं मानूस दुपारी इथं येते, भाऊजी. तिथं तरास झाला तं तो घरीच वापस जाते."

त्यांनी मान डोलावली, पण पटलं असावं असं वाटलं नाही. पटवलं ते बसेसनी. आता त्या सकाळी केळझरला दर्शन घेतात, दुपारी आमच्याकडे जेवतात, नदीकाठी रेंगाळतात आणि उन्हं उतरल्यावर सेवाग्रामला जातात. बस तिथून निघतानाच केळझरवाले फोन करून सांगतात, पाहुणे येतायत म्हणून. परवा तो फोन भाऊजींनी घेतला. ऐकून घेतलं आणि मोठ्या रुबाबात म्हणाले, "येऊ द्या. पवनार तयार हाय."