बद्रुद्दीनभाऊंच्या बारा फळ्या

बद्रुद्दीनभाऊ आमच्या भाजे गावातले सुतार. त्यांनी बसवलेलं माझ्या घरचं दार तीस पावसाळ्यांनंतरही चौकटीला घासत नाही. एवढा सरळ हात, पण माणसावर भरवसा म्हणून नाही.

गेल्या साली एका कंपनीनं लोणावळ्याच्या रस्त्याला आवाज मोजायची खोली बांधली. नुसतं काँक्रीट, एक टाळी वाजवली तर कितीतरी वेळ घुमत राही. आवाज सगळीकडून सारखा यावा म्हणून छताला प्लायच्या बारा फळ्या टांगायच्या होत्या. ते काम भाऊंना मिळालं. नकाशात प्रत्येक फळीचा कल निराळा.

"ह्यात कायतरी डाव हाय," भाऊ मला म्हणाले. "वाकडं लावलं की फोटो काढून मावळभर दाखवतील, बघा बद्रुद्दीनचं काम!"

त्यांनी पाणसळ लावली आणि बाराही फळ्या एका ओळीत, एका पातळीत टांगल्या.

मोजणीत सहा जागी माइक ठेवले, तर सहा तऱ्हेचे आकडे आले. इंजिनिअर स्नेहल मॅडम पुण्याला होत्या. त्यांनी फोनवर विचारलं, "चाचा, प्लाय सांगितलेलीच लावली ना? हलकी तर नाही?"

हलकी! भाऊंना रात्रभर डोळा लागला नाही. नकाशा न पाळल्याचं कबूल करावं, की चोर ठरावं? सकाळी मॅडम येताच त्यांनी प्लायचा उरलेला तुकडा पुढे केला.

"जाडी मोजा. माल खरा हाय. फळ्या मात्र म्याच सरळ केल्या."

मॅडमनी वर पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अहो चाचा, एका ओळीतल्या फळ्या आवाजाला ठरावीक वाटांनीच फिरवतात. मला तो पांगायला हवाय."

"मेंढरं पांगत्यात तसा?"

"हो. आणि तुम्ही मेंढपाळ होऊन त्याला एका वाटेनं हाकलंत!"

भाऊ हसले नाहीत. दोन दिवस दात आवळून त्यांनी फळ्या नकाशाप्रमाणे तिरक्या केल्या. पुन्हा मोजणी झाली. सहाही आकडे जवळजवळ सारखे आले. मॅडम खुशीत आल्या.

भाऊंनी कानामागची पेन्सिल काढून त्यांच्या हातात दिली. "आता शिडीवर चढा. परत्येक फळीवर लिवा, 'माझ्या सांगण्यावरून वाकडी'. खाली तुमची सही."

"माझ्यावर विश्वास नाही, चाचा?"

"तुमी आज हाय, उद्या दुसरं कुनी येईल."

मॅडम चढल्या, उतरल्या, पुन्हा चढल्या. शेवटी घाम पुसत म्हणाल्या, "झालं."

"अकरा झाल्या," भाऊ शिडी न सोडता म्हणाले. "मी मोजतोय."