साखरपाणी

मसाल्याच्या कारखान्यात त्याला तोंडावर सगळे 'साहेब' म्हणत आणि पाठ वळली की 'साखरपाणी'. माणूस दिवसभर तेच पीत असे, त्याला कोण काय करणार! मिरचीचा नवा माल आला की तिची पूड स्पिरिटमध्ये भिजवायची, त्या अर्काचा थेंब साखरेच्या पाण्यात टाकायचा आणि घोट घेऊन बघायचं, झोंबतंय का. झोंबलं तर आणखी पाणी. झोंबणं जिथे थांबेल, तितक्या पाण्याची ती मिरची. लांबलचक, लालभडक, मोठ्या तोऱ्याची मिरची हजारपट पाण्यात गप्प व्हायची. एखादी बोटाच्या पेराएवढी, सुरकुतलेली, लाखपट पाण्यातही चावायची. रंगावर भुलणाऱ्यांची तो भारी थट्टा करी. बियांना लोक उगाच बदनाम करतात, म्हणे; खरी आग त्या बिया धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या गरात.

अशी जीभ जपावी लागते. लग्नानंतर आठवड्याभरातच त्याने बायकोला सांगून टाकलं होतं, "घरात मिरची नको." तिच्या माहेरी जेवताना प्रत्येकाच्या ताटात एक हिरवी मिरची असायचीच. पण एकटीसाठी वेगळं काय शिजवायचं, म्हणून तीही मिळमिळीत जेवू लागली. एकतीस वर्षं. तिला हे चालतंय का, असं विचारायचं त्याच्या कधी डोक्यातच आलं नाही.

निवृत्तीला वर्ष राहिलं असताना तो महिनाभर तापाने पडला. उठून कामावर गेला, पहिला घोट घेतला, आणि काहीच नाही. दुसरा घेतला. शेवटी त्याने अर्काचा थेंब तसाच जिभेवर ठेवला. जीभ लाकडासारखी पडून राहिली. तिखटपणा मोजायचं यंत्र घ्यायची चर्चा आधीपासूनच होती. 'आमचे साहेब असेपर्यंत नको' म्हणून मालकांनी ती थोपवून धरली होती. जीभ गेली हे बाहेर कळलं असतं, तर दुसऱ्याच दिवशी नोकरी गेली असती आणि आयुष्यभर कमावलेलं नावही.

त्या संध्याकाळी डब्याच्या पिशवीत लपवून त्याने बाटल्या घरी आणल्या.

"अगं, हे जरा चाखून सांग."

"मी? मला काय कळतंय त्यातलं!"

"झोंबलं की झोंबलं म्हण. बाकी मी बघतो."

तिला कळत होतं. भलतंच कळत होतं. "हे लगेच जिभेच्या टोकाला लागतं," ती म्हणे, "आणि हे मेलं उशिरा येतं, पार घशात." एकतीस वर्षांच्या मिळमिळीत जेवणाने तिची जीभ अशी तयार झाली होती, की त्याची ऐन उमेदीतही तशी नव्हती. एक घोट, मग दूध, मग थोडं थांबायचं, की पुन्हा घोट. वर्षभर हेच. तोंड सोलवटलं की ती गुपचूप तूप लावायची. आणि सकाळी तो तिचे आकडे स्वतःच्या सहीने देऊन टाकायचा.

निरोपसमारंभात मालक म्हणाले, "अशी जीभ पुन्हा होणे नाही." पहिल्या रांगेत, मांडीवर पुष्पगुच्छ घेऊन बसलेली ती सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होती. तो बोलायला उभा राहिला, तिच्याकडे बघितलं, सगळ्यांचे आभार मानले आणि खाली बसला.

घरी जाताना त्याला स्वतःची लाज वाटत होती. भाजीवाल्याकडे थांबून त्याने पाव किलो हिरव्या मिरच्या घेतल्या.

"आता जपायचं काय उरलंय? आज तुझ्या माहेरासारखा रस्सा कर. मनसोक्त खा."

ती लहान मुलीसारखी हरखली. खोकत खोकत फोडणी दिली, दोन वाट्या भरून आणल्या. त्याने भुरका मारला. गरम पाणी प्यावं तसं वाटलं. तिने एक घास घेतला आणि तिच्या नाकाडोळ्यांतून धारा लागल्या.

"नाही हो सोसत आता," ती कशीबशी म्हणाली.

मग तिने आपल्या वाटीत तांब्यातलं पाणी ओतलं. चाखलं. त्यातलं थोडं एका रिकाम्या वाटीत काढून आणखी पाणी ओतलं. पुन्हा चाखलं. तो समोर बसून सवयीने मोजत होता. सातव्यांदा चाखल्यावर ती म्हणाली, "आता नाही झोंबत," आणि ते पाणी भातावर घेऊन जेवायला लागली.