ओट्यावरची मेथी

"निवडूनच दे गं एवढी. आज बाई आली नाही."

एवढं बोलून वकीलसाहेबांच्या बायकोनं मेथीच्या चार जुड्या माझ्यासमोर दारापुढच्या ओट्यावर टाकल्या, एक परात ठेवली आणि जाळीचं दार लावून त्या आत गेल्या. अकोल्यात, जठारपेठेत, रविवारी सकाळी साडेनऊची गोष्ट. माझ्या अंगावर पांढरा सलवार-कुर्ता होता, इस्त्री केलेला. काखेत फाईल होती. फाईलमध्ये एलएल.बी.च्या गुणपत्रिका, सनद, आणि दहा वाजता मुलाखतीला या असं सांगणारा वकीलसाहेबांचाच मेसेज, छापून घेतलेला. मी ती फाईल मांडीखाली सरकवली आणि मेथी निवडायला बसले.

हे लिहायला मला दोन वर्षं लागली. दुसऱ्यानं अपमान केला की माणूस चारचौघांत सांगतो. त्यात आपलीही साथ असली की गिळून गप्प बसतो. मी साथ दिली होती.

मेथी आमच्याच घरची. आम्ही माळी. परतवाड्याच्या अलीकडे आमचं दीड एकर वावर आहे, त्यात मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, पालक, वांगी होतात. बाबा ती अचलपूरच्या बाजारात बसून विकतात. मुलाखतीच्या दिवशी त्यांनी उजाडायच्या आत वावरात जाऊन पिशवी भरून आणली. वकिलाच्या घरी रिकाम्या हातानं जायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. आमच्याकडे डॉक्टरकडे जाताना भाजी नेतात, मास्तरांकडे जाताना नेतात. देण्यासारखं तेवढंच असतं आणि ते चांगलं असतं. फाटकातून आत शिरले तेव्हा माझ्या एका हातात पिशवी होती आणि काखेत फाईल. वकीलसाहेबांच्या बाईंना पिशवी दिसली.

मी सांगू शकले असते. मी मुलाखतीला आले आहे. चार शब्द. कॉलेजच्या अभिरूप न्यायालयात मी पाऊण तास उभी राहून बोलले होते, परीक्षकांशी वाद घातला होता. पण त्या "ये गं" म्हणाल्या आणि माझं तोंड मिटलं. लहानपणी आईसोबत ज्या ज्या दारात भाजी घेऊन गेले, तिथं हाच आवाज असायचा. तो ऐकला की बसायचं, खाली बघायचं आणि हात चालवायचे. सनद मिळाली म्हणून अंगाची सवय जात नाही.

अर्धी मेथी झाली तेव्हा एक ज्युनियर वकील आले. गाडी लावली, काळा कोट हातावर टाकला. बाईंनी जाळीचं दार उघडलं आणि आत बसा, चहा ठेवते, असं त्यांना म्हणाल्या. ते माझ्या परातीला वळसा घालून आत गेले. माझ्याहून वर्ष-दोन वर्षांनी मोठे असतील.

आता जे सांगते त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. बाई परात न्यायला आल्या. पानं हातानं खालीवर करून म्हणाल्या, "किती स्वच्छ निवडलीस गं." आणि मला बरं वाटलं. निकालाच्या दिवशी वाटलं होतं तसं बरं वाटलं.

दहा वाजता वकीलसाहेब बाहेर आले आणि परतवाड्याची मुलगी आली का, असं बायकोला विचारलं. मी उठले, कुर्त्यावरचे देठ झटकले आणि नाव सांगितलं. त्यांनी परातीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ते हसत सुटले. बाईही हसल्या. मग सांगायचं नाही का, असं मलाच म्हणाल्या. मीही हसले.

आत गेल्यावर मला खुर्ची मिळाली, चहाही मिळाला. वकीलसाहेबांच्या घरातली वकिलीची ती तिसरी पिढी. त्यांच्या हाताखाली वर्षभर काढलं की कुठल्याही कोर्टात ओळख निघते, असं आमच्या बॅचमध्ये सगळे म्हणायचे. सनद मिळून मला दीड वर्ष झालं होतं आणि मी अमरावतीत एका झेरॉक्सच्या दुकानात लोकांचे अर्ज टाइप करत होते. मला ती नोकरी हवी होती. फार हवी होती. त्यांनी माझी फाईल उघडलीच नाही. टेबलावर ठेवली आणि तिच्यावर चहाचा कप ठेवला.

"नोकरी पक्की समज," ते म्हणाले. "तू निमूट बसून मेथी निवडलीस ना, तिथंच माझा निर्णय झाला. अशीच मुलगी पाहिजे. आजकालच्या पोरी पहिल्या दिवसापासून तोंड चालवतात."

वकिलानं तोंड नाही चालवायचं तर काय चालवायचं, हा प्रश्न मला परतीच्या एसटीत सुचला. तिथं मी थँक्यू सर म्हणाले आणि वाकून नमस्कार केला. निघताना बाईंनी रिकामी पिशवी घडी घालून परत दिली आणि एक तारखेला येताना सांबार आणशील का, असं विचारलं. मी हो म्हणाले.

बाबांनी दुसऱ्याच दिवशी अख्ख्या बाजारात सांगून टाकलं की पोरगी अकोल्याच्या मोठ्या वकिलाकडे लागली. मी त्यांना मेथीचं काही सांगितलं नाही. चार दिवस जेवण गोड लागलं नाही. पाचव्या दिवशी मी वकीलसाहेबांना मेल केला. भाषा अगदी सभ्य होती. आपण दिलेल्या संधीबद्दल मी मनापासून आभारी आहे, परंतु घरगुती अडचणीमुळे रुजू होऊ शकत नाही, क्षमस्व. सगळे असंच लिहितात. बाबांना सांगितलं की ती जागा भरली. ते बरं म्हणाले, पण बाजारात दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी वकीलसाहेबांचा फोन आला. मी आणि बाबा अंगणात जुड्या बांधत बसलो होतो. माझे हात चिखलाचे, म्हणून फोन क्रेटवर ठेवून मी स्पीकर लावला. आवाज मायेचा होता, हेही सांगायला हवं.

"वडील नाही म्हणतात ना? मला अंदाज होताच. तुमच्या लोकांत असंच असतं, पोरगी कितीही शिको, घराबाहेर सोडत नाहीत. दे त्यांना फोन, मी समजावतो."

बाबा माझ्यासमोर हातभर अंतरावर बसले होते. मला अमरावतीच्या होस्टेलवर ठेवलं म्हणून भावकीनं ज्यांच्याशी बोलणं टाकलं होतं, ते बाबा. पोरीले कोर्टात उभी करतं काय, असं कुणी विचारलं की हो, करतो, एवढंच सांगणारे. आणि मी म्हणाले, "वडील वावरात गेलेत, सर."

फोन बंद झाला. बाबांनी हातातली जुडी बांधून पूर्ण केली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "म्या तुले कवा अडवलं व, बाई?"

तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. ओटा, परात, किती स्वच्छ निवडलीस, आणि मला बरं वाटलं तेसुद्धा. वाटलं होतं ते चिडतील, वकिलाला शिव्या देतील. ते जुडीतली पिवळी पानं काढत राहिले.

"मेथी तं म्याच देल्ली होती," ते म्हणाले.

म्हणजे चूक त्यांची. पहाटे उठून, दवात भिजून, पोरीच्या भल्यासाठी चांगली चांगली पानं खुडून आणणाऱ्या माणसाची. एक खापर मी त्यांच्या डोक्यावर फोडलंच होतं, दुसरं ते स्वतःच फोडून घेत होते. मी हात कुर्त्याला पुसले आणि लगेच फोन लावला.

"सर, मी मघाशी खोटं बोलले. वडील माझ्यासमोरच बसले आहेत. आमच्या घरात काहीही अडचण नाही. तुम्ही माझी फाईल उघडली नाही, मी गप्प बसले म्हणून नोकरी दिली. ती मला नको."

ते म्हणाले की एवढ्याशा गोष्टीचं काय एवढं, कामच तर होतं. मी विचारलं की त्या दिवशी आलेल्या ज्युनियरसमोर बाईंनी परात ठेवली असती का. ते म्हणाले, "तू इतकी उद्धट असशील असं वाटलं नव्हतं."

"मलाही वाटलं नव्हतं, सर," मी म्हणाले.

तोंडी बोललेलं टिकत नाही, म्हणून मी तिथंच बसून दुसरा मेल लिहिला. पहिल्या पत्रातलं कारण खोटं होतं, ते मी मागे घेते. खरं कारण खाली दिलं. त्याखाली माझं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, आडनावासकट, आणि सनदेचा नंबर. बाबांना तो वाचून दाखवला. त्यांनी ऐकला आणि पुढची जुडी घेतली.

आज मी अमरावतीच्या कोर्टात बसते. टेबल दुसऱ्याचं, खुर्ची माझी. कामं थोडी आहेत. लाज अजून गेलेली नाही. मेथी दिसली की त्या ओट्यावर बरं वाटलेलं आठवतं, आणि ते मला माझ्यातून मुळासकट उपटायचं आहे. ते होईल तेव्हा होईल. बाबा आजही पिशवी भरून देतात आणि मी ती घेऊन जाते. पण दारात आधी नाव सांगते, मग पिशवी खाली ठेवते. नाही म्हणायचं असलं की खरं कारण लिहून देते. माझ्या बापाच्या डोक्यावर पुन्हा कुणाला खापर फोडू देणार नाही. मलासुद्धा नाही.