सहा फूट एक इंच

मिरजगावच्या स्टँडवर मी बोगस क्रीडा निवड चाचण्यांविरुद्ध पत्रकं वाटत होते. कॉलेजच्या बास्केटबॉल संघाची जर्सी घातलेला एक तरुण मान वाकवून चहाच्या टपरीत शिरला. वरचा पत्रा त्याच्या डोक्यापासून हातभर उंच होता. माझा संशय तिथंच सुरू झाला.

तो गार्ड म्हणून खेळायचा आणि व्यावसायिक संघाच्या चाचणीला नगरला निघाला होता. मी बोलावण्याचं पत्र मागितलं. त्यात उंची सहा फूट एक इंच होती. तो माझ्याएवढाच, जेमतेम पाच फूट चार.

"ही सरळ फसवणूक आहे," मी म्हणाले. "तुला न बघताच बोलावलंय."

"व्हय ताई, पन फसवनारा मीच हाय. खरी उंची लिवून तीनदा फॉर्म भरला, कुनी बोलावलंच न्हाई. एकदा बॉल हातात येऊ द्या, मग मोजा म्हनावं."

त्यानं मोबाईलवर तो फॉर्म दाखवला. पहिला रकाना उंचीचा, दुसरा वजनाचा. खेळतो कसा, हे विचारणारा रकानाच नव्हता. माझा संशय अजून तसाच आहे, फक्त तो आता त्या फॉर्मवर आहे.

नगरची एसटी लागली. चढताना त्यानं दारात पुन्हा मान वाकवली.